दुनळीची पारख

ठाणे जिल्ह्यात बंदूक दिसते ती दोन ठिकाणी. कल्याण-डोंबिवलीच्या बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या रखवालदाराच्या मांडीवर, नाहीतर मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या जुन्या घरात, आजोबांच्या नावावर परवाना असलेली, कपाटात उभी करून ठेवलेली. दोन्हीकडे ती बहुधा बारा बोअरची दुनळीच असते. रखवालदाराची बहुतेक वेळा देशी बनावटीची. कपाटातली मात्र कधी इंग्लिश निघते, कधी बेल्जियन, क्वचित इटालियन. आजोबा जातात, परवान्याचा प्रश्न उभा राहतो आणि घरात कुणीतरी म्हणतो, ‘इटालियन आहे, लाखांत जाईल.’ जाईलही. पण ती चांगली आहे का, हा प्रश्न त्यानंतर सहसा कुणी विचारत नाही, आणि खरे तर तोच आधी विचारायला हवा.

आपल्याकडे बंदुकीची किंमत आणि तिचा दर्जा यांची फारकत झाली आहे, त्याला कारण आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. सवलत उरली ती प्रामुख्याने राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या नामांकित नेमबाजांना. त्याआधी देशात आलेल्या बंदुकाच परवानाधारकांच्या हातून हातात फिरत राहिल्या. माल वाढत नाही, मागणी राहते, म्हणून भाव चढतो. इटलीत मध्यम दराची म्हणून विकली गेलेली बंदूक आपल्याकडे चैनीची वस्तू ठरते, आणि नळीला आतून खड्डे पडलेली, सांधे सैल झालेली बंदूकसुद्धा केवळ नावावर चांगल्या बंदुकीच्या भावात खपते. युरोपातल्या खरेदीदाराला किमतीवरून दर्जाचा थोडाफार अंदाज बांधता येतो. आपल्याला ती सोय नाही. आपल्याला वस्तूच वाचता आली पाहिजे.

इटालियन बंदूक वाचायची तर आधी एका खोऱ्याची ओळख करून घ्यावी लागते. उत्तर इटलीत ब्रेशा शहराच्या वर मेल्ला नदीचे ट्रोम्पिया खोरे आहे आणि त्यात गार्दोने नावाचे गाव. डोंगरात लोहखनिज, उतारावर कोळशासाठी लाकूड, आणि घण चालवायला नदीचे पाणी, या तीन गोष्टी एका जागी असल्यामुळे इथे शतकानुशतके नळ्या घडत आल्या. बार्तोलोमेओ बेरेट्टा या कारागिराने व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या पुरवल्या आणि त्यांचे २९६ डुकाट घेतले, अशी नोंद १५२६ सालची आहे. त्याच वर्षी पानिपतच्या पहिल्या लढाईत बाबराच्या तोफा-बंदुकांनी लोदींचे राज्य संपवले. बेरेट्टा घराणे आजही त्याच गावात बंदुका बनवते.

पण या खोऱ्याचे मर्म एकट्या बेरेट्टात नाही. तिथे लहान-मोठ्या कार्यशाळांचे जाळे आहे. एकजण नळ्या करतो, दुसरा आतली कळ, तिसरा फक्त दस्ते, चौथा केवळ नक्षी. भिवंडीच्या यंत्रमागाच्या धंद्यात जसे सायझिंग एकाकडे, माग दुसऱ्याकडे आणि प्रोसेसिंग तिसऱ्याकडे असते, तसेच ते आहे. मध्यम किमतीत चांगली बंदूक देणे इटालियनांना जमले ते यामुळे. इंग्लंडमध्ये वरच्या दर्जाची बंदूक जवळजवळ सगळी हाताने घडते आणि नवी घ्यायला गेले तर लाखभर युरो सहज ओलांडते. गार्दोनेच्या कारखान्यांनी अवघड आणि अचूक कापकाम यंत्रावर घेतले, हाताचे काम जिथे खरोखर फरक पडतो तिथे राखले, आणि बेरेट्टाच्या सिल्व्हर पिजनसारखी बंदूक युरोपात दोन-तीन हजार युरोंच्या आसपास आणून ठेवली. मध्यम दर म्हणजे हा दर.

जाळ्याचा एक तोटाही आहे. एकाच आडनावाच्या अनेक कंपन्या निघतात. रिझ्झिनी नावाने एकाहून अधिक घरे बंदुका बनवत आली. झोली नावाचेही तेच, आंतोनियो झोली वेगळा आणि आंजेलो झोली वेगळा. दर्जा वेगळा, बाजारातला मानही वेगळा. म्हणून ‘झोलीची आहे’ एवढे ऐकून भाव ठरवू नये. नळीवरचे पूर्ण नाव वाचावे.

नावाहून जास्त बोलतात ते ठसे. नळ्या कृतीपासून, म्हणजे त्या ज्या धातूच्या पेटीला जोडलेल्या असतात तिच्यापासून, वेगळ्या करून उलट्या धरल्या की बुडाशी खालच्या सपाट भागावर बारीक खुणांची रांग दिसते. गार्दोनेत सरकारमान्य चाचणीगृह आहे. प्रत्येक बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून ती टिकली तरच तिथे ठसा मारतात. चांदणीखाली पी-एस-एफ ही अक्षरे असली तर ती धूररहित दारूसाठी तपासलेली आहे. हा ठसा नसलेली जुनी नळी काळ्या दारूच्या जमान्यातली असू शकते आणि तिच्यात आजचे काडतूस घालणे धोक्याचे. याच रांगेत वर्षाचाही संकेत असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियनांनी वर्ष रोमन अंकांत लिहायला घेतले. दहाचा अंक म्हणजे १९५४, वीस म्हणजे १९६४, तीस म्हणजे १९७४. १९७५ पासून दोन अक्षरांची जोडी सुरू झाली, पहिली ए-ए. कुटुंबात ‘ही स्वातंत्र्याच्या आधीची’ अशी आख्यायिका असते आणि ठसा १९६४ सांगतो, असे होऊ शकते. ठशावर विश्वास ठेवावा.

तिथेच चेंबरची, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसते त्या भागाची, लांबी लिहिलेली असते, मिलिमीटरमध्ये. ही खूण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. बारा बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. व्यास एकच असला तरी काडतुसांच्या लांब्या वेगळ्या, ६५, ७० आणि ७६ मिलिमीटर. ही लांबी काडतूस उडून त्याचे तोंड उघडल्यानंतरची असते. त्यामुळे ७० चे न उडालेले काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज आत जाते. उडताना मात्र त्याची दुमडलेली कड पुढच्या अरुंद भागात उघडते, वाट अडते आणि दाब वाढतो. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे आणि नागरी वापराची बारा बोअरची काडतुसे तिथे बनत आली आहेत. काडतूस कुठलेही असो, त्याच्या पेटीवरची लांबी आणि नळीवरची लांबी जुळवून पाहिल्याशिवाय ते घेऊ नये.

आता नळ्यांकडे. दुनळीचा बराच खर्च आणि बरीच कारागिरी नळ्यांत असते, कारण दोन नळ्या नुसत्या शेजारी जोडून चालत नाही. ठरावीक अंतरावर दोन्हींचे छर्रे एकाच जागी पडावेत अशा बेताने त्या किंचित तिरक्या बसवाव्या लागतात. त्या जोडायच्या दोन पद्धती आहेत. महाग बंदुकीत प्रत्येक नळी आणि तिच्या बुडाखालचा गड्डा एकाच पोलादातून घडवतात आणि मग ते दोन गड्डे जोडतात. मध्यम दराच्या इटालियन बंदुकीत बहुधा मोनोब्लॉक असतो, म्हणजे बुडाचा भाग एका अखंड ठोकळ्यातून कापायचा आणि त्याच्या दोन भोकांत नळ्या बसवून झाळायच्या. बुडापासून थोडे पुढे नळीभोवती एक अगदी बारीक गोल रेघ दिसली, किंवा त्याच जागी नक्षीचा एक पट्टा उगाच फिरवलेला दिसला, की तो मोनोब्लॉक ओळखावा. तो कमअस्सल नव्हे. नीट केलेला मोनोब्लॉक पिढ्यान् पिढ्या टिकतो. पण विकणारा जर तीच बंदूक ‘अखंड नळ्यांची’ म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर ती रेघ त्याचे उत्तर आहे.

नळ्यांची परीक्षा तीन इंद्रियांनी होते. पुढचे लाकूड काढून नळ्या वेगळ्या कराव्यात, बुडाखालच्या आकड्यात बोट घालून त्या मोकळ्या लोंबू द्याव्यात आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने हलकेच टकटक करावी. नळ्यांच्या मधली वरची-खालची पट्टी पक्की झाळलेली असेल तर स्वच्छ, लांबणारा नाद येतो. पट्टी कुठे सुटली असेल तर आवाज बोदा येतो किंवा त्यात किंचित चरचर मिसळते. सुटलेल्या पट्टीखाली पाणी जाते, आणि बाहेरून नळी झकास दिसत असतानाच आतल्या बाजूने गंज चालू राहतो.

मग डोळा. नळी उजेडाकडे धरावी, शक्यतो खिडकीच्या आडव्या पट्टीकडे, आणि ती हळूहळू फिरवत आत पाहावे. आतल्या चकाकीवर त्या पट्टीची सावली सरळ रेघेसारखी पडते. जिथे ती रेघ वाकते तिथे पोचा आहे. जिथे ती गोल कड्यासारखी दिसते तिथे नळी आतून फुगली आहे. कधीतरी पुढे काही अडकले असताना बार निघाल्याची ती खूण. पोचा कुशल कारागीर काढू शकतो. फुगवटा काढणे त्याहून अवघड, आणि तसल्या बंदुकीची किंमत खूप खाली येते. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. चेंबरपुढे थोडे असले तर निभावते, पण ते घासून काढायला कुणीतरी नळी आतून मोठी केलेली असू शकते आणि तेव्हा भिंत पातळ होते. भिंतीची जाडी मोजायचे खास माप असते, ते चांगल्या विक्रेत्याकडे हवेच. नळीच्या पुढच्या भागात सुमारे अर्धा मिलिमीटर ही जाणकारांनी मानलेली खालची मर्यादा आहे. त्याखाली गेलेली नळी, तिच्यावर कितीही सुंदर निळी झाक असली तरी, घेऊ नये.

तिसरी परीक्षा स्पर्शाची, तोंडाकडून. आडव्या दुनळीच्या दोन नळ्या तोंडाशी एकमेकींना टेकलेल्या असायला हव्यात. मध्ये फट असेल आणि ती शिशाने किंवा लाखेने भरली असेल, तर कधीतरी नळ्या पुढून कापल्या आहेत. ही बाब केवळ दर्जाची नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवानगीशिवाय नळी आखूड करणे गुन्हा आहे, आणि कापलेल्या टोकाबरोबर बंदुकीचा चोकही गेलेला असतो. चोक म्हणजे तोंडाशी नळी किंचित आवळलेली असणे. त्यामुळे छर्रे लवकर पांगत नाहीत. पूर्ण चोकच्या नळीतून सुमारे साडेछत्तीस मीटरवर ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात ७० टक्के छर्रे पडावेत, असा जुना संकेत आहे. इटालियन बंदुकांवर चोक चांदण्यांनी लिहितात. एक चांदणी सर्वांत आवळ, चांदण्या वाढतील तशी नळी सैल. दोन चापांच्या बंदुकीत सहसा पुढचा चाप उजव्या, सैल नळीचा असतो आणि मागचा डाव्या, आवळ नळीचा.

नळ्या पास झाल्या की कळ. १८७५ मध्ये बर्मिंगहॅममध्ये ॲन्सन आणि डीली या दोघांनी बंदुकीच्या धातूच्या पेटीतच घोडे लपवणारी साधी, मोजक्या भागांची यंत्रणा काढली. बंदूक उघडली की नळ्यांच्या वजनानेच घोडे चढतात. तिला बॉक्सलॉक म्हणतात. मध्यम दराची बहुसंख्य आडवी दुनळी याच तत्त्वावर चालते आणि ती अतिशय भरवशाची आहे. महाग बंदुकीत कळ दोन बाजूंच्या पट्ट्यांवर बसवलेली असते, तिला साइडलॉक म्हणतात. दिसायला ती देखणी, नक्षीला जागा मोठी. म्हणून इटालियनांनी एक युक्ती काढली. आतून बॉक्सलॉक ठेवायचा आणि बाहेरून दोन्ही बाजूंना नुसत्या शोभेच्या पट्ट्या लावायच्या. नक्षी भरपूर, वरवर पाहणाऱ्याला साइडलॉक वाटावा. खऱ्या साइडलॉकच्या पट्टीवर आतल्या भागांच्या खिळ्यांची आणि स्क्रूंची डोकी चार-पाच ठिकाणी दिसतात, कारण सगळी कळ तिच्यावरच टांगलेली असते. शोभेच्या पट्टीवर सहसा अशी डोकी नसतात. अशी बंदूक वाईट नसते, पण साइडलॉकच्या भावात ती घेणे म्हणजे निव्वळ पत्र्याला पैसे मोजणे.

नक्षीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ती सगळ्यात शेवटी पाहावी. हाताच्या छिन्नीने काढलेल्या वेलबुट्टीची खोली जागोजाग बदलते, कडा उजेडात चमकतात, दोन बाजूंची पाने हुबेहूब जुळत नाहीत. दाबून उमटवलेली किंवा यंत्राने कोरलेली नक्षी सर्वत्र एकाच खोलीची आणि जराशी मऊ दिसते. मध्यम दरात यंत्राची नक्षी येणारच, त्यात कमीपणा नाही. उलट एखाद्या स्वस्त बंदुकीवर नक्षीचा फार भडिमार दिसला तर आतल्या कामाकडे दुप्पट लक्ष द्यावे.

बंदूक किती वापरली गेली आहे, हे सांगणारी एक लहानशी खूण वरच असते. नळ्या उघडायची आडवी कडी, जिला सगळे टॉप लिव्हर म्हणतात, ती नव्या बंदुकीत बंद केल्यावर मधोमध न येता थोडी उजवीकडे थांबते. आतली पाचर झिजत जाते तशी ती मध्याकडे सरकते आणि मग मध्य ओलांडून डावीकडे जाते. डावीकडे गेलेली कडी म्हणजे पुष्कळ चाललेली आणि दुरुस्ती मागणारी बंदूक. तिच्या जोडीने एक परीक्षा करावी. पुढचे लाकूड काढून बंदूक बंद करावी आणि दस्ता धरून नळ्या आडव्या हलवून पाहाव्यात. किंचितही खुळखुळ जाणवली किंवा नळ्यांचे बूड आणि मागची भिंत यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसली, तर सांधा सुटला आहे. तो नवा करता येतो, पण चांगला कारागीर लागतो, आणि असे हात आपल्याकडे कमी होत चालले आहेत.

स्क्रूंची डोकी जरूर पाहावीत. चांगल्या बंदुकीत त्यांच्या खाचा एका दिशेला, नळीच्या रेषेत लावलेल्या असतात आणि कडा धारदार असतात. खाचा फाटलेल्या, कडा चेपलेल्या दिसल्या की समजावे, कुणीतरी घरच्या पेचकसाने आत हात घातला आहे. मग आत काय केले असेल, हा प्रश्न आपोआप येतो. रिकाम्या नळीवर चाप ओढून ‘टक’ आवाज ऐकायचा मोह मात्र टाळावा. जुन्या बंदुकीच्या ठोकणीच्या पिना त्याने तुटतात. त्यासाठी खोटी काडतुसे मिळतात. ती घालून उघडल्यावर इजेक्टर असेल तर उडवलेल्या बाजूचेच खोटे काडतूस बाहेर फेकले जायला हवे, आणि दोन्ही उडवल्यास दोन्ही एकदम. एक आधी आणि एक रेंगाळत आले तर तिथे काम आहे. साधा एक्स्ट्रॅक्टर असेल तर दोन्ही काडतुसे फक्त थोडी वर उचलली जातात. शेतावरच्या वापराला तेवढे पुरते, आणि बिघडणारे भाग कमी असतात.

दस्ता अक्रोडाचा असतो. त्याच्या लाकडाची रेषा हाताने धरायच्या बारीक भागात लांबीच्या दिशेने धावायला हवी, कारण धक्का तिथेच बसतो. तिथे आडवी रेषा असेल तर दस्ता आज ना उद्या तडकणार. धातू आणि लाकूड जिथे भेटतात ती सीमा बारकाईने पाहावी, केसाएवढीच फट असावी. कृतीच्या मागे लाकूड काळे, मऊ, तेलकट झाले असेल तर वर्षानुवर्षे बंदूक तेल पाजून तोंड वर करून उभी ठेवली होती. तेल हळूहळू खाली उतरते आणि लाकूड कुजवते.

इथे आपल्या मुलखाचा पाऊस मध्ये येतो. ठाण्याची खाडी, उल्हास नदी आणि चार महिन्यांची ओल, यांनी या भागातल्या जितक्या बंदुका खराब केल्या असतील तितक्या बारांनी केल्या नसतील. माझ्या पाहण्यातल्या खराब झालेल्या दुनळ्यांपैकी बऱ्याच कधीच फारशा उडवल्या गेल्या नव्हत्या. त्या कातडी म्यानात, फ्लॅनेल गुंडाळून, आदराने ठेवल्या होत्या. कातडे आणि कापड ओल धरतात, आणि ती ओल पोलादाला दिवसरात्र चिकटून राहते. बंदूक साठवायची ती नळ्यांना तेलाचा पातळ हात देऊन, तोंड खाली करून, वारा लागेल अशा कुलूपबंद लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या पावसाळ्यात बदलाव्यात. दर पंधरा-वीस दिवसांनी नळीतून कोरडे फडके ओढावे.

इटालियन बंदुकीचे नाव आज खरे गाजते ते ‘क्ले’ म्हटल्या जाणाऱ्या उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीत. दानिएले पेराझ्झी याने १९५७ मध्ये ब्रेशाजवळ कारखाना काढला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये एन्नियो मात्तारेल्ली याने पेराझ्झीच्या बंदुकीने ट्रॅप या प्रकाराचे सुवर्णपदक जिंकले, आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी तयार झालेली एमएक्स-८ पुढे अनेक देशांच्या नेमबाजांची पसंती ठरली. तिचा चाप-घोड्यांचा संच एकत्र बाहेर काढता येतो, त्यामुळे स्पर्धेत काही तुटले तर दुसरा संच बसवून पुढे चालता येते. आपल्या देशात बिकानेरचे महाराजा कर्णी सिंह यांनी १९६२ च्या जागतिक स्पर्धेत कैरोला ट्रॅपमध्ये रौप्य मिळवले. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचे रौप्य आणले. दिल्लीच्या तुघलकाबादची शॉटगनची रेंज कर्णी सिंहांच्याच नावाची आहे. मुंबई-ठाण्याच्या बाजूचे नेमबाज वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये घडले, पण तो वारसा प्रामुख्याने रायफल आणि पिस्तुलाचा. शॉटगनला लांब मोकळे मैदान लागते आणि ते आपल्या महानगरात मिळणे कठीण.

स्पर्धेची बंदूक बहुतेक वेळा उभी दुनळी असते, म्हणजे एका नळीखाली दुसरी. ती जड असते, हजारो काडतुसे सहन करायला बनवलेली. घरातली जुनी आडवी दुनळी हलकी, साधारण तीन किलोंची, रानात दिवसभर वाहायला केलेली. दोघींना एकाच मापाने मोजू नये. एखाद्या खेळाडूने आडवीचे वजन कमी म्हणून नाक मुरडले तर ते त्याच्या कामापुरते खरे आहे, बंदुकीचा दोष नव्हे.

आता कपाटातल्या बंदुकीकडे. शिकारीचा काळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपला आणि ते योग्यच झाले. शेतकऱ्याचा परवाना पीकसंरक्षणाचा किंवा स्वसंरक्षणाचा असतो. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो, तिथे परवान्याचे काम आयुक्तालयाकडे. मुरबाड-शहापूरसारख्या ग्रामीण भागात ते जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारस अर्ज करू शकतो. शिवाय परवानाधारक ७० वर्षांचा झाल्यावर किंवा बंदूक २५ वर्षे बाळगल्यावर, यांतले जे आधी होईल तेव्हाही. माणूस गेला आणि परवाना अजून वारसाच्या नावावर झाला नाही, अशा मधल्या काळात बंदूक घरात ठेवणे बेकायदा आहे. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली, आधी ती तीन होती. त्यामुळे काही घरांना निवड करावी लागली, आणि अशा वेळी पारख नसली की चांगली बंदूक जाते आणि नक्षीदार उरते.

परीक्षाही कायद्याच्या आतच करायची असते. दुसऱ्याची बंदूक हातात घ्यायची ती परवानाधारक समोर असताना, किंवा परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात. हातात येताच पहिले काम तिची तोंडे सुरक्षित दिशेला ठेवून ती उघडणे आणि दोन्ही चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करणे. कुणी ‘रिकामीच आहे’ म्हटले तरीही. दुसरे काम क्रमांक. नळ्या, कृती आणि परवाना यांतला क्रमांक जुळला पाहिजे. नळ्यांवर एक आणि कृतीवर दुसरा क्रमांक असेल तर नळ्या दुसऱ्या बंदुकीच्या आहेत आणि किंमत तिथेच खाली येते. क्रमांक घासलेला दिसला तर तिच्यापासून दूर राहावे. ओळखीच्या खुणा पुसणे कायद्याने गुन्हा आहे आणि अशा बंदुकीला भावच नसतो.

हे सगळे पाहून झाल्यावर भाव ठरतो तो तीन भागांत. दर्जाचा भाग नळ्यांची भिंत, सांधा, चेंबर आणि दस्ता ठरवतात. नावाचा भाग घराणे आणि वर्ष. आणि टंचाईचा भाग बाजार, जो आपल्याकडे इतर दोघांपेक्षा मोठा असतो. विक्रेता सहसा तिन्ही एकत्र करून एकच आकडा सांगतो. त्याला प्रत्येक भाग वेगळा विचारावा. पातळ नळीची नामांकित इटालियन आणि जाड, निरोगी नळीची अनोळखी बेल्जियन यांत मी दुसरी घेईन, कारण नळीची भिंत पुन्हा जाड करता येत नाही. विकायचे ठरले तर घेणारा परवानाधारक असलाच पाहिजे, आणि खासगी व्यवहारात आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. तेवढ्या दिवसांत नळ्यांची जाडी मापून, ठशांचे जवळून फोटो काढून, ते कागद परवान्याच्या प्रतीबरोबर ठेवावेत. बंदूक विक्रेत्याकडे जमा करत असाल तर पावतीवर कंपनीचे पूर्ण नाव, दोन्ही क्रमांक, नळ्यांची लांबी आणि दस्त्याची स्थिती लिहून घ्यावी, आणि पावसाळ्यात ती कातडी म्यानातून बाहेर ठेवायला सांगावे.